चौदा नियम आणि पाच तासांची झोप

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. मी ४६ वर्षांची आहे, नोकरी करते. घरी नवरा आणि कॉलेजात शिकणारी मुलगी आहे. दोन वर्षांपूर्वी ऑफिसातल्या माझ्याच वयाच्या मैत्रिणीला हृदयविकाराचा झटका आला आणि मी घाबरले. तेव्हापासून आरोग्याविषयी मिळेल ते वाचते आणि पटले की दिनचर्येत घालते. वहीत चौदा कलमांचा तक्ता आखला आहे आणि रोज रात्री खुणा करते. पहाटे पावणेपाचला उठणे, थंड पाण्याने अंघोळ, सोळा तास उपाशी राहणे, चार लिटर पाणी, दहा हजार पावले, महिन्यातून दोन दिवस डिटॉक्स आणि पाच गोळ्या : मल्टिव्हिटॅमिन, ड जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व, केसांसाठी बायोटिन आणि बीटा कॅरोटीन असलेली अँटिऑक्सिडंटची गोळी. पावले भरली नाहीत तर रात्री साडेअकरापर्यंत हॉलमध्ये फेऱ्या मारते; मुलगी म्हणते, ‘आई, जरा बस ना’, पण बसवत नाही. झोपायला पावणेबारा होतात. हातातले स्मार्ट घड्याळ सकाळी झोपेला शंभरपैकी गुण देते, ते पन्नासच्या वर जात नाहीत आणि तो आकडा पाहून दिवस नासतो. सहा महिन्यांपासून सतत थकवा आहे. ४२ चाचण्यांचे रक्ततपासणीचे पॅकेज केले, त्यात दोन आकडे लाल आले. बहीण म्हणते की हे सगळे थोतांड आहे; आजी काहीही न करता ९१ वर्षे जगली, आणि शास्त्रज्ञ आज एक सांगतात, उद्या दुसरेच. यातले खरे काय मानू आणि सोडू काय? घड्याळ काढून ठेवू का? एखादे कलम सोडले आणि आजारी पडले तर, अशी भीती वाटते.
(नाव न छापण्याची विनंती)

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. कलमांविषयी तुम्ही सविस्तर लिहिले आहे. पण मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट तुम्ही जाता जाता सांगून गेला आहात. पावणेबाराला तुम्ही झोपता आणि पावणेपाचला उठता. पाठ टेकताक्षणी झोप लागते असे धरले, तरी तुमच्या वाट्याला जेमतेम पाच तास येतात. बाकीच्या कलमांकडे वळण्याआधी आपण इथे थांबू या, कारण तुमच्या थकव्याचा निदान काही भाग तरी या पाच तासांत असावा असे मला वाटते, आणि ती झोप तुमच्याकडून कोणी हिरावून घेतलेली नाही. ती आरोग्याच्याच नावाने एका टोकाला रात्रीच्या फेऱ्यांनी आणि दुसऱ्या टोकाला पहाटेच्या गजराने खर्ची पडते आहे.

प्रौढ माणसाने नियमितपणे किमान सात तास झोपावे, अशी शिफारस अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या दोन प्रमुख संस्थांनी उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन २०१५ मध्ये एकत्रितपणे केली. व्यक्तीव्यक्तीत थोडा फरक असतो हे खरे, परंतु पाच तासांवर वर्षानुवर्षे ताजेतवाने राहणारी माणसे फार विरळा, आणि तुम्ही त्यांच्यापैकी नाही हे तुमचा थकवाच सांगतो आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांना सलग चौदा रात्री ठरावीक तासच झोपू दिले होते. सहा तास किंवा त्याहून कमी झोपलेल्यांची एकाग्रता आणि प्रतिसादाचा वेग शेवटी शेवटी इतका घसरला, की एक-दोन रात्री डोळ्याला डोळा न लागलेल्या माणसाशी त्याची बरोबरी व्हावी. त्या प्रयोगातली दुसरी नोंद मला अधिक अस्वस्थ करते : त्या माणसांना स्वतःला मात्र आपण थोडेसे पेंगुळलो आहोत, एवढेच वाटत होते. अपुऱ्या झोपेची सवय झाली असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा तिची जाणीव बोथट झालेली असते. नुकसान चालूच राहते.

पहाटे उठण्याला स्वतःचे असे वेगळे औषधी सामर्थ्य नाही. जो लवकर झोपतो त्याला पहाट मानवते. मध्यरात्री झोपून पहाटे उठणाऱ्याला ती महागात पडते. म्हणून माझा पहिला सल्ला असा, की गजर पावणेसहावर न्यावा, रात्री साडेदहाला दिवा मालवावा, आणि उठण्याची वेळ सुट्टीच्या दिवशीही शक्यतो तीच ठेवावी. दुपारनंतर कॉफी घेत असाल तर तीही आवरती घ्या. झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफीनने, म्हणजे कॉफीच्या साधारण चार कपांनी, झोप तासाभराहून अधिक घटल्याचे २०१३ मधील एका प्रयोगात दिसले होते. मात्रा कमी असली तर परिणाम कमी होईल, पण हलकी झोप असणाऱ्याने संध्याकाळचा कप सोडून पाहणे केव्हाही इष्ट. अंथरुणावर पडून वीसेक मिनिटांत झोप आली नाही, तर तळमळत पडून राहू नये. उठून मंद उजेडात काहीतरी शांत करावे आणि डोळे जड झाले की परत यावे. हा नुसता घरगुती उपाय नाही. निद्रानाशासाठी विचार आणि सवयी बदलण्याची जी उपचारपद्धती आहे, तिचा हा एक भाग आहे, आणि दीर्घकाळच्या निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी ती पद्धत वापरावी असे अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ मध्ये स्पष्टपणे सांगितले आहे.

मात्र सहा महिने टिकलेला थकवा नुसत्या झोपेच्या खात्यावर मांडून मोकळे होणे मला योग्य वाटत नाही. तुमच्या वयात पाळीतील रक्तस्राव वाढून शरीरातील लोह कमी झालेले असू शकते, थायरॉइडचे काम मंदावलेले असू शकते, झोपेत घोरताना श्वास अडखळत असू शकतो किंवा मन खचलेले असू शकते. आणि ही चारही कारणे तपासता येतात, त्यांवर उपचारही आहेत. येत्या पंधरवड्यात डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटा. चालताना किंवा जिना चढताना छातीत दाब येणे, धाप लागणे, चक्कर येऊन पडणे किंवा प्रयत्न न करता वजन उतरणे यांपैकी काही होत असेल, तर पंधरवडाही थांबू नका.

डॉक्टरांकडे जाताना पाचही गोळ्यांच्या बाटल्या पिशवीत घालून न्या. आठवणीवरून नावे सांगू नका. यामागे एक नेमके कारण आहे. केसांसाठीच्या गोळ्यांत बायोटिनची मात्रा बहुधा शरीराच्या गरजेच्या कितीतरी पट असते, आणि रक्तातील जादा बायोटिनमुळे काही चाचण्यांचे आकडे फसवे येतात. थायरॉइडच्या चाचण्या त्यात येतात, तसेच हृदयविकाराचा झटका ओळखण्यासाठी करतात ती ट्रोपोनिनची चाचणीही येते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याविषयी जाहीर सावधगिरीची सूचना दिली होती. म्हणजे हृदयाच्या भीतीपोटी जी माणसे गोळ्यांच्या वाटेला लागतात, त्यांच्याच हृदयाच्या चाचणीत त्यांतली एखादी गोळी गोंधळ घालू शकते. ती गोळी घेत असताना तुम्ही तपासणीसाठी रक्त दिले होते का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. बायोटिन काही दिवस बंद ठेवून पुन्हा तपासणी करावी लागेल का, ते तेच ठरवतील.

त्या दोन लाल आकड्यांविषयी आणखी एक गोष्ट समजून घ्यावी, म्हणजे रात्री त्यांच्या विचाराने दचकून उठावे लागणार नाही. बहुतेक चाचण्यांची ‘सामान्य’ मर्यादा ठरवताना निरोगी माणसांचे आकडे घेतात आणि त्यांतील मधले ९५ टक्के सामान्य मानतात. याचा सरळ अर्थ असा, की धडधाकट माणसांपैकीही शंभरात पाच जण प्रत्येक चाचणीत मर्यादेबाहेर पडणार, आणि तसे ते पडावेत अशीच ती मर्यादा आखलेली आहे. अशा ४२ चाचण्या एकमेकींशी संबंध नसलेल्या आहेत असे धरून हिशेब केला, तर पूर्ण निरोगी माणसाच्या अहवालात सरासरी दोन आकडे लाल येतात, आणि एकही लाल न येण्याची शक्यता जेमतेम १२ टक्के उरते. प्रत्यक्षात चाचण्या काही प्रमाणात एकमेकींशी निगडित असतात, त्यामुळे हा हिशेब ढोबळ आहे. पण तुमच्या अहवालात नेमके दोनच आकडे लाल आहेत, एवढ्यावरून घाबरण्याचे कारण दिसत नाही. ते आकडे कोणते हे तुम्ही लिहिलेले नाही. हिमोग्लोबिन किंवा साखर असेल तर त्याचा पाठपुरावा झालाच पाहिजे. किंचित इकडेतिकडे गेलेली एखादी दुय्यम मोजणी असेल तर बहुधा ती पुन्हा करून पाहणे पुरेसे ठरते. तक्रार नसताना सरसकट सगळ्या तपासण्या केल्याने मृत्यूचे प्रमाण कमी होते का, या प्रश्नावर वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने अडीच लाखांच्या आसपास लोकांवरील चाचणी-प्रयोग एकत्र करून आढावा घेतला, आणि तसा लाभ जवळजवळ दिसला नाही. ठरावीक वयात, ठरावीक आजारासाठी केलेल्या तपासण्यांची गोष्ट वेगळी आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी हे त्याचे चांगले उदाहरण, आणि ती झाली नसेल तर याच भेटीत विचारा.

आता मूळ प्रश्नाकडे येते. खरे काय मानावे? तुमच्या कलमांमध्ये भरभक्कम पुराव्याची कलमे आहेत, अर्ध्या पुराव्याची आहेत आणि पुराव्यावाचूनचीही आहेत. पण वहीत प्रत्येकासमोर सारख्याच मापाची एक खूण आहे. तुमची गफलत झाली असलीच तर ती इथे झाली. प्रत्येक कलमाला त्याच्या पुराव्याच्या वजनाइतकेच मोल द्यायला हवे, आणि पुरावा कशाला म्हणायचे हे थोडे खोलात जाऊन पाहिल्याशिवाय ते देता येणार नाही.

१९५३ मध्ये जेरी मॉरिस या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चालक दिवसभर बसून असत आणि वाहक तिकिटे देत दिवसभर जिना चढत-उतरत. चालकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण वाहकांपेक्षा बरेच अधिक निघाले. ही गोष्ट साधारणपणे इथेच संपवली जाते. मॉरिस मात्र थांबले नाहीत. त्यांनी कर्मचाऱ्यांच्या गणवेशांच्या मापांची नोंद तपासली आणि १९५६ मध्ये असे दाखवले, की चालकांच्या विजारींची कंबर वाहकांपेक्षा मोठी होती, आणि हा फरक तरुण कर्मचाऱ्यांमध्येही होता. म्हणजे जिना चढल्यामुळे वाहक निरोगी राहिले, की मुळात सडपातळ माणसेच वाहक झाली? स्वतःच्याच निष्कर्षावर असा प्रश्न उभा करणारा माणूस मला विश्वासार्ह वाटतो, आणि आरोग्याविषयीचा कोणताही दावा वाचताना हाच प्रश्न मनात यायला हवा : ही गोष्ट केल्यामुळे माणसे निरोगी राहिली, की निरोगी माणसांनाच ती करणे जमले?

व्यायामाच्या बाबतीत या प्रश्नाला पुढे चांगले उत्तर मिळाले. वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या पद्धतींनी झालेले अभ्यास एकाच दिशेला बोट दाखवतात, हालचाल वाढते तसा लाभ वाढतो, आणि चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या प्रयोगांमध्येही नियमित व्यायामाने रक्तदाब आणि रक्तातील साखर सुधारते. म्हणून जागतिक आरोग्य संघटना २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करायला सांगते, आणि ती एका वेळी सलग दहा मिनिटे तरी असावी ही पूर्वीची अट तिने काढून टाकली आहे. तुमचे चालणे अतिशय मोलाचे आहे. त्याला मुळीच हात लावू नका. फक्त दहा हजार हा आकडा कुठून आला ते जाणून घ्या. १९६५ मध्ये जपानमध्ये पावले मोजणारे एक यंत्र विक्रीला आले, त्याच्या नावाचाच अर्थ ‘दहा हजार पावलांचे मोजमाप’ असा होता, आणि यंत्राबरोबर तो आकडा जगभर गेला. प्रत्यक्ष अभ्यास नंतर झाले. सरासरी ७२ वर्षे वयाच्या सुमारे १७ हजार स्त्रियांच्या २०१९ मधील अभ्यासात, रोज २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळले, आणि सुमारे ७,५०० पावलांनंतर त्यात आणखी घट दिसली नाही. साठीच्या आतल्यांसाठी हा टप्पा आठ ते दहा हजारांच्या दरम्यान येतो, असे २०२२ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात दिसते. तेव्हा तुमचा आकडा चुकीचा नाही. पण सात हजारांवर दिवस संपला तर लाभाचा मोठा वाटा पदरात पडलेला असतो. उरलेल्या तीन हजार पावलांसाठी तासभर झोप देणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

गोळ्यांच्या बाबतीत उत्तर नेमके उलटे आले, आणि ते तुम्ही सावकाश वाचावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. ज्यांच्या आहारात आणि रक्तात बीटा कॅरोटीन (गाजरासारख्या भाज्यांतले नारिंगी रंगद्रव्य) अधिक, त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग कमी, असे अनेक निरीक्षणांतून दिसत होते. त्यावरून बीटा कॅरोटीनची गोळी कर्करोग टाळील असा विचार पुढे आला, आणि तो वेडगळ नव्हता. त्या काळी जाणती माणसेही तसाच करत होती. मग फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांहून अधिक पुरुषांवर प्रयोग झाला. कोणाला गोळी मिळेल आणि कोणाला तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी मिळेल, हे चिठ्ठ्यांनी ठरले. १९९४ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक होता. अमेरिकेतला तशाच स्वरूपाचा दुसरा प्रयोग असाच धोका दिसल्यामुळे १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावा लागला. ई जीवनसत्त्वाचे तसेच. ३५ हजार पुरुषांवरील प्रयोगात ते प्रोस्टेटच्या कर्करोगापासून बचाव करील अशी आशा होती. २०११ च्या अहवालात तो कर्करोग १७ टक्क्यांनी वाढलेला निघाला. तुम्ही पुरुष नाही आणि धूम्रपानाचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे तुम्हाला लागू होत नाहीत. पण ‘फायदा नाही झाला तरी तोटा तर नाही’ या समजुतीने आपण ज्या गोळ्या घेतो, त्यांतल्या दोन गोळ्यांनी हजारो माणसांवर नीट करून पाहिलेल्या प्रयोगांत तोटा दाखवला आहे, हे विसरून चालणार नाही. हृदयविकार आणि कर्करोग टाळण्यासाठी या दोन्ही गोळ्या घेऊ नयेत, असे अमेरिकेतील प्रतिबंधात्मक उपचारांविषयीच्या तज्ज्ञ समितीने २०२२ मध्ये सांगितले आहे. तुमच्या डॉक्टरांनी त्या लिहून दिलेल्या नसतील, तर त्या आजच बंद कराव्यात असे माझे मत आहे.

मल्टिव्हिटॅमिनविषयी त्याच समितीने पुरावा अपुरा असल्याचे म्हटले आहे. ती सोडल्याने बिघडणार नाही. ड जीवनसत्त्वाची कमतरता तपासणीत दिसली असेल तर ते औषध म्हणून जरूर घ्यावे, परंतु सरसकट घेतल्याने हृदयविकार किंवा कर्करोग टळत नाही, हे जवळपास २६ हजार लोकांवरील प्रयोगात २०१८ मध्ये दिसून आले आहे. गोळ्या मुळातच वाईट असे मात्र म्हणू नये. गर्भधारणेपूर्वी आणि सुरुवातीच्या महिन्यांत घेतलेल्या फॉलिक ॲसिडने बाळाच्या पाठीच्या कण्यातील गंभीर दोष टळतात, हे १९९१ च्या प्रयोगाने निःसंशय सिद्ध केले. ज्याला ज्याची उणीव आहे त्याला ते द्यावे, एवढाच याचा अर्थ.

उरलेल्या कलमांसाठी फार शब्द खर्च करत नाही. सोळा तासांच्या उपवासाने काहींना खाणे आवरणे सोपे जाते. पण २०२२ मध्ये लठ्ठ व्यक्तींवर वर्षभर केलेल्या प्रयोगात, खाण्याचे तास मर्यादित करून कमी खाणारे आणि नुसते कमी खाणारे यांच्या वजनात लक्षणीय फरक पडला नाही. तुम्हाला ते सहज जमत असेल तर ठेवा, अंगावर येत असेल तर सोडा. थंड पाण्याच्या अंघोळीवर नेदरलँड्समध्ये तीन हजार लोकांवर प्रयोग झाला आहे. शेवटी थंड पाणी घेणाऱ्यांनी आजारपणाच्या रजा २९ टक्क्यांनी कमी घेतल्या, आजारपणाचे दिवस मात्र कमी झाले नाहीत, आणि तीस सेकंद घेतले काय की नव्वद, फरक सारखाच पडला. आवडत असेल तर अर्धा मिनिट पुरे. चार लिटर पाण्याची निरोगी माणसाला रोज गरज नसते. तहान, उष्मा आणि श्रम पाहून प्यावे, आणि लघवीचा रंग फिका असेल तर पाणी पुरते आहे असे समजावे. डिटॉक्सचे दोन दिवस पूर्णपणे सोडून द्या. मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातील बहुतेक सगळा शरीराला परत देतात. हे काम त्यांनी वेगळे करावे म्हणून महिन्यातून दोन दिवस अर्धपोटी राहण्याची जरुरी नाही.

तुमच्या यादीत जे आहे त्यापेक्षा, जे नाही त्याची मला अधिक काळजी वाटते. भीती हृदयविकाराची आहे, तर त्याचीच मोठी पाहणी घेऊ. २००४ मध्ये ५२ देशांतील रुग्णांच्या अभ्यासात असे आढळले, की पहिल्या झटक्याच्या धोक्याचा सुमारे नव्वद टक्के भाग नऊ गोष्टींशी जोडता येतो : धूम्रपान, रक्तातील चरबीचे प्रमाण, रक्तदाब, मधुमेह, पोटावरची चरबी, मानसिक ताण, फळे-भाज्यांचा अभाव, मद्य आणि हालचाल. यात तुमच्या पाच गोळ्यांपैकी एकही नाही, आणि तुमच्या पत्रात रक्तदाबाचा उल्लेख नाही. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत-खुपत नाही, म्हणून तो मोजल्याशिवाय कळत नाही. मोजताना पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली आणि पावले जमिनीवर असावीत, दंड हृदयाच्या पातळीला आधार देऊन ठेवावा, आधीच्या अर्ध्या तासात कॉफी किंवा व्यायाम नको, आणि मोजताना बोलू नये. धावतपळत येऊन बाहीवरच पट्टा गुंडाळून घेतलेला आकडा धरू नये. रक्तदाब, चरबी, साखर आणि घरातील हृदयविकाराचा इतिहास एकत्र पाहून डॉक्टर तुमच्या पुढील दहा वर्षांच्या धोक्याचा अंदाज सांगू शकतात. तुमच्या भीतीला खरे उत्तर तिथे आहे. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत ठेवणे हा रक्तदाबासाठीचा साधा, पक्का उपाय आहे.

स्नायूंना बळ देणारा व्यायामही यादीत नाही. आठवड्यातून दोनदा तो करावा असे जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच सूचना सांगतात, आणि पाळी थांबण्याच्या सुमारास हाडे व स्नायू झपाट्याने झिजू लागतात तेव्हा त्याची गरज वाढते. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे आणि भिंतीला हात लावून दंड काढणे, एवढ्याने सुरुवात होते.

आणि माणसे. मुलगी ‘बस ना’ म्हणते आणि तुम्हाला बसवत नाही, हे वाक्य मला खरेच लागले. १४८ अभ्यास आणि तीन लाखांहून अधिक लोक यांच्या २०१० मधील एकत्रित विश्लेषणात, घट्ट नातेसंबंध असणाऱ्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा लक्षणीय अधिक दिसली. हाही निरीक्षणांचा पुरावा आहे, त्याला मॉरिस यांचा प्रश्न विचारलाच पाहिजे; पण इथे गमावण्यासारखे काय आहे? रात्रीचा तो तास मुलीजवळ बसण्यात जावा.

बहिणीचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. यादीतले बरेच काही पुराव्यावाचूनचे आहे, हे तिला तुमच्याआधी जाणवले. पण आजी ९१ वर्षे जगल्या यावरून काही सिद्ध होत नाही, कारण त्यांच्यासारख्याच राहून पन्नाशीत गेलेल्या माणसांची आठवण सांगायला घरात कोणी उरत नाही. ब्रिटिश डॉक्टरांच्या पन्नास वर्षांच्या अभ्यासात धूम्रपान करणाऱ्यांचे आयुष्य सरासरी दहा वर्षांनी कमी भरले, तरी नव्वदी गाठलेले धूम्रपान करणारे त्यातही होतेच. शास्त्रज्ञ रोज नवे सांगतात, ही तक्रारही बातम्यांबद्दल खरी आहे. धूम्रपान, रक्तदाब आणि हालचाल यांविषयीचा मुख्य सल्ला मात्र गेल्या कित्येक दशकांत फारसा बदललेला नाही.

सोडण्याची भीती वाटते ना? मग सगळे एका दिवसात सोडू नका. या आठवड्यात त्या दोन गोळ्या, डिटॉक्स आणि रात्रीच्या फेऱ्या थांबवा. बाकीचे पुढे एकेक करून पाहा, म्हणजे कशाने काय फरक पडला ते तुम्हालाच दिसेल. नवी सवय अंगवळणी पडायला एका अभ्यासात सरासरी ६६ दिवस लागले होते, कुणाला १८ तर कुणाला २५४. तेव्हा एखाद्या दिवशी साडेदहाचे साडेअकरा झाले तर खंत करू नये.

घड्याळ दिवसा चालताना हातात असू द्या, रात्री दुसऱ्या खोलीत ठेवा. ते हालचाल आणि नाडी यांवरून झोपेचा अंदाज बांधते, मेंदूच्या लहरी त्याला दिसत नाहीत, त्यामुळे झोप गाढ होती की उथळ हे ते खात्रीने सांगू शकत नाही. अशा आकड्यांची चिंता करून झोप आणखी बिघडलेल्या रुग्णांचे वर्णन डॉक्टरांनी २०१७ मध्ये केले आणि त्या अवस्थेला ऑर्थोसोम्निया असे नाव दिले. वहीतला चौदा रकान्यांचा तक्ता मिटून ठेवा आणि कोऱ्या पानावर रोज तीनच नोंदी करा : दिवा कधी मालवला, सकाळी कधी उठलात आणि दुपारी तीनच्या सुमारास थकवा किती वाटला. सहा आठवड्यांनी ती पाने, रक्तदाबाचे आकडे आणि डॉक्टरांनी थायरॉइड व लोहाबद्दल काय सांगितले ते मला लिहून पाठवा. म्हणजे उरलेल्या कलमांचा विचार आपल्याला पुढच्या पत्रात करता येईल.